अण्णांचं केसतूड आणि दोन दवाखाने

तारे आधीच देऊन टाकते. डॉक्टरांना पाच, त्यांच्याच दवाखान्यातल्या बिलाच्या खिडकीला दोन, आणि त्याआधी आम्ही ज्या चकचकीत ठिकाणी गेलो त्याला एक, तोही एसी चालू होता म्हणून.

दोन्ही जागा साताऱ्यातल्या. नावं देणार नाही. गाव लहान, ओळखी फार, आणि अण्णांना त्याच रस्त्याने रोज मंडईत जायचं असतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७१. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, पण त्यांच्या हातांना ते कुणी कळवलं नाही. गल्लीतल्या स्कूटरी, मिक्सर, पाण्याच्या मोटारी सगळं आमच्या अंगणात येऊन पडतं. हात मनगटापर्यंत काळ्या ऑइलने माखायचे, पेट्रोलच्या बोळ्याने पुसायचे, मग कपड्याच्या साबणाने खसाखसा घासायचे, हे चाळीस वर्षं चाललंय. मे महिन्यात उजव्या हाताच्या पाठीवर, मूठ वळली की तर्जनीखाली जो उंचवटा येतो त्याच्या जरा मागे, एक पुळी आली. आईने गव्हाच्या पिठाचं हळद घालून पोटीस बांधलं. "पिकू दे, मग आपोआप फुटेल." अण्णा फोनवर म्हणाले, "काही नाही गं, केसतूड आहे." चौथ्या दिवशी भावाने फोटो पाठवला. हात पुरीसारखा टम्म फुगलेला. मी स्वारगेटवरून मिळेल ती सातारा गाडी पकडली.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची कुरकुर कळणार नाही. मी मेडिकल कोडर आहे. हिंजवडीत बसते आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचते. तिथला डॉक्टर पेशंट तपासून जे लिहितो त्याचे आम्ही कोड करतो, आणि त्या कोडवर तिथली विमा कंपनी पैसे देते किंवा देत नाही. तासाला बारा चार्ट, अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली गेली की ऑडिटरचा मेल. पेशंट मी कधी बघत नाही. निदान मी करत नाही, तशी परवानगीच नाही. डॉक्टरने लिहिलं तेवढंच खरं. ओपीडीच्या कागदावर त्याने "बहुधा गळू असावं" असं लिहिलं, तर ते "बहुधा" मला कोडमध्ये घालता येत नाही. मग सूज आणि दुखणं एवढीच लक्षणं कोड करायची. काही समजलं नाही तर डॉक्टरला प्रश्न पाठवायचा, पण उत्तर त्याच्या तोंडात कोंबायचं नाही. "हे केसतूडच ना?" असं विचारायची बंदी. "कृपया जखमेचं स्वरूप आणि जागा स्पष्ट करावी" एवढंच.

तर चकचकीत ठिकाण. टोकन, वजन, बीपी. बीपीचा पट्टा त्यांनी त्याच सुजलेल्या हाताला बांधला. अण्णांनी ओठ दाबले, मी आवाज चढवला, मग पट्टा डावीकडे गेला. आतले डॉक्टर तरुण होते, वागायला गोड, पण त्यांची नजर स्क्रीनवर खिळलेली. टेबलाच्या या बाजूला अण्णांचा हात, त्या बाजूला डॉक्टर, मध्ये दीड फूट काच. ती काच ओलांडून त्यांचा हात शेवटपर्यंत आलाच नाही. त्यांनी काहीतरी टाइप केलं, यादी उघडली, पहिल्या ओळीवर क्लिक केलं. "शुगर बघायची का?" मी विचारलं. "उपाशीपोटी नाहीयेत ना, नंतर बघू." पाच दिवसांच्या गोळ्या, एक मलम, ७०० रुपये.

बाहेर येऊन कागद वाचला. निदानाच्या जागी छापलं होतं: बॉइल, अनस्पेसिफाइड, एल०२.९.

मी त्या कोडकडे बघत किती वेळ उभी होते कोण जाणे. एल०२ म्हणजे कातडीतलं गळू, केसतूड, काळपुळी या सगळ्यांचं मिळून एक घर. पॉइंटनंतरचा नऊ म्हणजे जागा माहीत नाही. जागा माहीत नाही! हात समोर काचेवर ठेवला होता. आपल्याकडे चालते ती जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० ही दुखण्यांच्या कोडची यादी घेतली तरी हातापायासाठी एल०२.४ हा वेगळा आकडा आहे. अमेरिकेच्या यादीत तर एल०२.९ असा तुटका कोड टाकताच येत नाही, पुढे आणखी एक अंक लागतो. माझ्या हाताखालच्या पोरीने हे केलं असतं तर मी तिला परत बसवलं असतं. डॉक्टरला कोड येत नाही म्हणून मी चिडले नव्हते, ते त्यांचं कामच नाही. पण हाताला हात न लावता यादीतली पहिली ओळ उचलली, हे त्या नऊच्या आकड्यात उघडं पडलं होतं.

संध्याकाळपर्यंत अण्णांना ताप चढला. शेजारचे जाधवकाका म्हणाले, "अरे, त्या जुन्या सर्जनकडे न्या ना, उगाच काय काचेच्या दवाखान्यात." खाली औषधाचं दुकान, वर दवाखाना. बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करून विचारावं. बाहेर बाकं, दीड तास वाट, पंखा एक आणि तोही डॉक्टरांच्या दाराकडे तोंड करून.

नंबर आला. या डॉक्टरांनी खुर्ची सोडली, एक स्टूल ओढलं, अण्णांच्या बाजूला येऊन बसले आणि दिवा खाली ओढून म्हणाले, "हात द्या, अण्णा." आणि खरोखर हात हातात घेतला.

मग प्रश्न. किती दिवस झाले, आधी कधी असं झालं होतं का, घरात दुसऱ्या कुणाला आहे का, टॉवेल कुणाकुणात एक आहे. तार घुसली का, गुलाबाचा काटा लागला का, माशाचा काटा, मांजर चावलं? मला हे प्रश्न ओळखीचे होते. दर प्रश्नामागे एक वेगळं दुखणं उभं असतं. गुलाबाच्या काट्यातून शिरणारी एक बुरशी हातावर गाठींची रांग उठवते. बोटाच्या टोकाला पाण्याचे बारीक फोड जमले असतील तर ती नागिणीच्या कुळातली हर्पिस असू शकते, आणि तिथे सुरी लावायची नसते, लावली तर दुखणं वाढतं. मांजराच्या दातांची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल गेलेली असते. अण्णांचं सगळ्याला एकच उत्तर: "नाही हो, ऑइल."

डॉक्टर हसले. "ऑइलच. केसाच्या मुळाशी बसतं, तोंड बंद करतं, वर तुम्ही घासता."

दोन बोटांनी फुगा दाबून पाहिला. एका बोटाने दाबलं की दुसऱ्याखाली लाट येते का, म्हणजे आत पू जमलाय का. मग हात उलटा करून तळवा बराच वेळ चाचपला. मी न राहवून विचारलं, दुखणं पाठीवर आहे, तळवा कशाला? ते म्हणाले, तळव्याची कातडी घट्ट बांधलेली असते, तिथे सुजायला जागा नाही. आत पू झाला तरी सूज मागे, पाठीवर दिसते. हाताची पाठ फुगलीय म्हणून पाठीलाच कापायला गेलं की फसतो माणूस. मग एकेक बोट स्वतः सरळ करून पाहिलं. बोट वाकडंच धरलंय का, सबंध बोट काकडीसारखं सुजलंय का, आतल्या बाजूने दाबलं की कळ येते का, सरळ करताना माणूस ओरडतो का. शिकागोच्या अ‍ॅलन कॅनव्हेल या सर्जनच्या नावाने या चार खुणा ओळखल्या जातात. त्या असल्या तर पू बोट वाकवणाऱ्या कंडरेच्या, म्हणजे स्नायूच्या दोरीच्या, म्यानात शिरलेला असतो आणि रात्रीच ऑपरेशन लागतं. रोज चार्टमध्ये "कॅनव्हेल निगेटिव्ह" हे दोन शब्द मी वाचते आणि पुढे सरकते. ते दोन शब्द लिहिण्याआधी डॉक्टर काय करतो हे त्या स्टुलाशेजारी उभं राहून पहिल्यांदा पाहिलं. शेवटी कोपराच्या आतली बाजू, काख. काखेत अवधाण आलं होतं.

"शुगर कधी तपासली?"

"कधीच नाही. मला काय झालंय?"

डाव्या हाताच्या बोटाला टोचलं. २६८.

खोलीत कुणी बोललं नाही. डॉक्टरांनी आकडा लिहिला, पेन ठेवलं आणि अण्णांना विचारलं, "तुम्ही काय म्हणता याला? गावाकडे काय म्हणतात?"

"केसतूड."

"बरोबर. केसतूडच. एकच तोंड आहे, मधोमध केस. याला चाळणीसारखी चार-पाच तोंडं असती, तर काळपुळी म्हणालो असतो, आणि ही शुगर बघून तुम्हाला आजच ॲडमिट केलं असतं."

आणि कागदावर इंग्रजीत लिहिलं: फरंकल (म्हणजे केसतूड), उजव्या हाताची पाठ, एक, दोन सेंटीमीटर, पू जमलेला, बोटांच्या हालचाली व्यवस्थित, तळवा मऊ.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे चमकलं ते एवढ्या वर्षांत कुठल्याच ट्रेनिंगने शिकवलं नव्हतं. मी २०१४ साली या धंद्यात आले तेव्हा अमेरिका अजून आयसीडी-९ या जुन्या यादीवर होती. हातावरचं केसतूड असो की काळपुळी, डावा हात असो की उजवा, कोड एकच, ६८०.४. गळवाचा तेवढा वेगळा, ६८२.४. १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-१०-सीएम ही त्यांची नवी यादी लागू झाली आणि त्या दोघांचे फाटे फुटले. हाताच्या गळवाला एल०२.५१, केसतुडाला एल०२.५२, काळपुळीला एल०२.५३, आणि प्रत्येकापुढे उजव्याला १, डाव्याला २, माहीत नसेल तर ९. एकूण नऊ. तेव्हा ऑफिसात किती चिडचिड झाली होती! अ‍ॅब्सेस, फरंकल, कार्बंकल यांतला फरक आम्ही पोरी तक्ता चिकटवून पाठ करत होतो. आणि आमच्या घरात आज्जी हे तिन्ही शब्द स्वयंपाक करता करता वापरायची. केसाच्या मुळाशी होतं ते केसतूड. नुसता पू साठून गळतं ते गळू. बरीच तोंडं फुटून काळंनिळं होतं ती काळपुळी, आणि ती म्हटली की आज्जीचा आवाज खाली यायचा. नखाच्या कडेला होतं ते नखुरडं. तेही अमेरिकन यादीत वेगळंच बसतं, एल०३.०१ मध्ये, बोटाच्या सेल्युलायटिसच्या, म्हणजे कातडीतल्या पसरत्या संसर्गाच्या, घरात. आज्जीनेही त्याला कधी गळू म्हटलं नाही.

आणखी एक. तळव्याला केस नसतात, त्यामुळे तळव्यावर केसतूड होत नाही. चार्टमध्ये तळव्यावर फरंकल लिहिलेलं दिसलं की मी थांबते. आपण लेकराला तळहातावरच्या फोडासारखं जपतो म्हणतो, केसतुडासारखं नाही. भाषेला शरीर माहीत आहे. चकचकीत ठिकाणी अण्णांनी दारातच "केसतूड" म्हटलं होतं, अर्धं निदान तिथेच टेबलावर ठेवलं होतं. ते "बॉइल" होऊन संगणकात गेलं आणि जागेसकट हरवलं.

पुढचं पटकन सांगते. भूल देण्याचं इंजेक्शन, बारीक टोकाची अकरा नंबरची ब्लेड, छोटासा छेद. अण्णा डोळे उघडे ठेवून बघत होते आणि डॉक्टरांना सांगत होते, "डिझेल लाइनमधली हवा काढतात, तसंच आहे हे." डॉक्टर म्हणाले, "फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक ओरडतं." अण्णा ओरडले नाहीत. पू तपासणीला पाठवला, आत गॉजची वात ठेवली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, साताठ तास खालच्या खोलीत झोपवलं, शुगरवर लक्ष ठेवलं. मग घरी. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, साध्या औषधांना दाद देणारा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ९.२. म्हणजे अण्णांच्या अंगात डायबेटीस कधीचा मुक्काम ठोकून होता आणि केसतुडाने त्याला उजेडात आणलं.

बाकावर बसून मी सवयीने कोड लावून बघितले. अमेरिकेत असते तर एल०२.५२१, जंतूसाठी बी९५.६१, छेदासाठी १००६०. बोटावर असतं तर २६०१०, पाठीवर आहे म्हणून नाही. डायबेटीसपाशी अडले. डॉक्टरांनी "अनकंट्रोल्ड" लिहिलं होतं, आणि नुसत्या या शब्दावर आम्हाला पुढे जाता येत नाही, कारण साखर वर गेलीय की खाली हे त्यात येत नाही. मी भीत भीत विचारलं, "सर, हायपर का हायपो, तेवढं लिहाल का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ऑडिटर का?" पण लिहिलं. शिवाय स्वतःहून पुढे जोडलं: "आज प्रथमच आढळला, त्वचेचा संसर्ग त्यामुळेच." ही ओळ पुढे किती कामाला येणार आहे हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आता बिलाची खिडकी. बिल ९,४०० रुपये, फक्त रोख. यूपीआयचं स्टिकर होतं, पण "ते चालत नाही, तसंच राहिलंय." अक्षर असं की मुंगीच्या पायाला शाई लावून सोडली असावी. ते मी माफ करते. क्लेम फॉर्मचं नाही.

अण्णा-आईची पॉलिसी भावाने काढलीय, सात-आठ वर्षं चालू आहे, आणि कातडीला छेद देऊन पू काढणं तिच्या डे-केअरच्या यादीत बसतं. फॉर्मचा दुसरा भाग दवाखान्याने भरायचा असतो, त्यात आयसीडी-१० कोडची चौकट असते. खिडकीतल्या काकांनी ती भरली, शिक्का मारला, पाकीट बंद. मी न बघता कुरियर केलं. बघायला हवं होतं. कोडर असून मी ते पाकीट उघडलं नाही, ही माझी चूक.

दोन आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र. अपघात कुठे आणि कसा झाला? पोलिसांत नोंद केली होती का? एमएलसीची, म्हणजे पोलीस-केस म्हणून दवाखान्याने केलेल्या नोंदीची, प्रत जोडा. पेशंट दारूच्या अमलाखाली होता का?

अण्णा माळकरी आहेत. पत्र मोठ्याने वाचलं तेव्हा आईला हसावं की रडावं कळेना. अण्णांनी माळ चाचपली आणि म्हणाले, "ऑइल पोटात जातं का असं विचारतायत का ते?"

झेरॉक्स काढून पाहिली. काकांनी चौकटीत लिहिलं होतं एस६१.९. हातावरची उघडी जखम. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्यांच्या लेखी हात कापला, टाके-पट्टी झाली, म्हणजे जखम. एस आला की विमा कंपनीच्या डोळ्यांत ती इजा होते, आणि इजा म्हटली की फॉर्ममधलेच पुढचे प्रश्न उभे राहतात: स्वतः केली का, रस्त्यावरचा अपघात का, नशेत होता का. कंपनीची चूक नाही. त्यांनी कोड वाचला. आम्हीही तेच करतो.

रजा टाकून परत सातारा. काकांना राग आला. "मॅडम, तीस वर्षं फॉर्म भरतोय." मी म्हटलं, "काका, डॉक्टरांचा कागद द्या, त्यात काय लिहिलंय ते आपण दोघं वाचू." वाचलं. इथल्या यादीप्रमाणे एल०२.४ टाकला, सोबत डायबेटीसचा ई११. उजवा-डावा या यादीत सांगताच येत नाही, म्हणून वर्णनाच्या ओळीत अक्षरांत लिहिलं: उजवा हात, केसतूड, छेद देऊन पू काढला. डॉक्टरांनी लेटरहेडवर दोन ओळी दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. कंपनीने आणखी एकदा विचारलं, डायबेटीस आधीपासून होता का, लपवला होता का. तिथे "आज प्रथमच आढळला" ही ओळ उभी राहिली. पाच आठवड्यांनी हातमोजे, गॉज वगैरेचे १,१५० रुपये कापून बाकीचे जमा झाले.

हाताला आता नखाएवढा पांढरा वण आहे. अण्णा हातमोजे घालून काम करतात, म्हणजे मी घरी असले की घालतात. टॉवेल वेगळा. गोळी वेळेवर. पेढा बंद, हे साताऱ्यातल्या माणसाला सांगणं किती अवघड आहे ते तिथल्यांनाच कळेल.

या सर्जनकडे जाणाऱ्यांसाठी: सकाळी दहाच्या आधी नंबर लावा, रोख पैसे न्या, पाण्याची बाटली न्या, आणि विम्याचा फॉर्म पाकिटात जाण्याआधी स्वतः वाचा. त्या काकांचा नंबर आता माझ्या फोनमध्ये आहे. माझा त्यांच्याकडे आहे. गेल्या शनिवारी भर मीटिंगमध्ये फोन आला. "ताई, एक पेशंट आहे, बोटाला नखुरडं. काय टाकू?"

"डॉक्टरांनी काय लिहिलंय, काका?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.